ऐकणार कोण?

बेबी मॉनिटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न रेंजचा विचारतं. खोक्यावर तीनशे मीटर छापलेलं असतं, घर असतं दोन नाहीतर तीन खोल्यांचं, मग काळजी कसली, असा एकूण सूर. मी विचारते, भिंती कशाच्या आहेत? त्यावर बहुतेक जण जरा संशयानं बघतात. बाळाच्या वस्तूसाठी भिंतींची चौकशी करणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटलेली असते.

आमचा धंदा मुळात सीसीटीव्ही, इंटरकॉम आणि इन्व्हर्टरचा. पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला एक गाळा आहे, तो नवरा आणि मी मिळून चालवतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझा. हिशेब आणि कंपन्यांशी भांडणं त्याच्याकडे. शिडीवर चढलं की त्याला गरगरतं, त्यामुळे शिडीही माझ्याकडेच आली. बेबी मॉनिटरची कामं माझ्याकडे वळली त्याचं कारण मात्र वेगळं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष ड्रिल घेऊन यायला नको, असं घरातल्या मोठ्या बायकांना वाटायचं. ‘ताईच येणार ना?’ अशी फोनवर खात्री करून घ्यायच्या. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि डोअरबेल बसवणारी मी हळूहळू बाळांच्या खोल्यांत शिरले.

खोक्यावरचे तीनशे मीटर मोकळ्या मैदानातले असतात. त्याच खोक्यावर, बारीक अक्षरांत, घरात पन्नास मीटर असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं, आणि तो आकडासुद्धा लोखंड नसलेल्या घराचा. आपल्याकडे स्लॅबमध्ये सळया, कॉलममध्ये सळया, भिंतीला लागून पत्र्याचं कपाट आणि त्याच्या दारावर पुरुषभर उंचीचा आरसा. आरशामागचा धातूचा मुलामा आणि कपाटाचा पत्रा रेडिओलहरी परतवून लावतात. कोकणात चिऱ्याच्या घरात एकदा बोलावलं होतं. त्या जाड भिंती दोन झाल्या की पुढे खरखर. त्यातल्या त्यात बरं हे, की अशा घरांत दारं एका रांगेत असतात आणि दिवसभर उघडी असतात. लहरी दारातून जातात, माणसांसारख्याच.

रो-हाउसमध्ये गोष्ट उलटी असते. खाली स्वयंपाकघर, बरोबर त्याच्या डोक्यावर बाळाची खोली, म्हणजे जवळचं अंतर, असं लोक धरून चालतात. पण मधे सळयांची जाळी असलेला स्लॅब असतो. बाळाकडचा डबा जिन्याच्या बाजूच्या भिंतीला सरकवला, की अंतर वाढूनही आवाज सुधारतो, कारण जिन्याची पोकळी मोकळी असते. हे मी कागदावर समजावत नाही, करून दाखवते. एक डबा पाळण्याच्या जागी ठेवायचा, घरातल्या कुणाला तरी तिथे बसून काहीबाही बोलत राहायला सांगायचं, आणि दुसरा डबा हातात घेऊन मी घरभर फिरायचं. एका घरात आजोबांनी खणखणीत रामरक्षा सुरू केली. हॉलमध्ये छान येत होती, देवघरात त्याहून छान, आणि ओट्यापाशी गेल्यावर तिचे तुकडे पडायला लागले. ओट्याशेजारी दोन दारांचा फ्रीज होता आणि त्याच्या वर मायक्रोवेव्ह. तो चालू करून बघितला, तर मॉनिटर अगदीच गप्प. मायक्रोवेव्ह ओव्हन 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. वायफाय, ब्लूटूथ आणि पडदेवाले बहुतेक बेबी मॉनिटरही 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात. सगळ्यांची गर्दी एकाच गल्लीत. दुधाचा कप गरम होईपर्यंतच्या दीड मिनिटात बाळ रडलं, तर ते ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला कळायचं नाही. तिथे डबा ओट्यावरून उचलून खिडकीच्या फळीवर ठेवला, एवढंच काम. त्याचे पैसे मागताना मला ओशाळं वाटतं, पण मागते.

रेंजचं कोडं असं फिरून, सरकवून सुटतं. सुटत नाही ते त्याच्या पुढचं.

‘आम्हाला सगळ्या खोल्यांसाठी मॉनिटर हवा आहे,’ या वाक्यात दोन निरनिराळ्या गरजा असतात, आणि बोलणाऱ्याला त्यातली कुठली आपली ते ठाऊक नसतं. एक, मुलं दोन खोल्यांत आहेत आणि ऐकणारं माणूस एक. दुसरी, बाळ एकाच खोलीत आहे आणि ऐकणारी माणसं घरभर पांगलेली. बाजारात दिसतात ती यंत्रं पहिल्या गरजेसाठी बनवलेली: एक पडदा, त्याला दोन, चार कॅमेरे. आपल्या घरांत मला बहुतेक वेळा भेटते ती दुसरी.

सिंहगड रोडला एका दुमजली बंगल्यात बोलावलं होतं. बाळ पाच महिन्यांचं. यादी तयार होती: बाळाच्या खोलीत एक कॅमेरा, वरच्या पॅसेजमध्ये एक, आजीच्या खोलीत एक, कारण दुपारी कधीकधी बाळ तिथेही झोपतं. मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘बाळ उठलं की वर कोण जातं?’

सासूबाई म्हणाल्या, ‘माझे गुडघे गेलेत. मी जिना दिवसातून एकदाच चढते.’

सून म्हणाली, ‘मी घरूनच काम करते, पण मीटिंगमध्ये असले की हेडफोन असतात. अहो आई, दुपारी तर मावशीच जातात ना?’

मावशी, म्हणजे सकाळी नऊ ते पाच येणाऱ्या कामाच्या बाई, मागच्या ओसरीवर भांडी घासत होत्या. वर जाणारी व्यक्ती ती, आणि पाण्याच्या धारेखाली भांडी वाजत असताना तिला आवाज पोचवायची सोय यादीत कुठेच नव्हती. यादीतला पडदा हॉलमध्ये सासूबाईंच्या खुर्चीशेजारी लागणार होता. म्हणजे सासूबाईंनी बघायचं, मग हाका मारायच्या, मग मावशींनी हात पुसायचे. तिथे मी एकही कॅमेरा बसवला नाही. फक्त आवाजाचा मॉनिटर दिला, एका बाळाकडच्या डब्याला दोन ऐकायचे डबे जोडता येतात असा. एक ओसरीवर, कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला अडकवला. दुसरा सुनेच्या टेबलावर, आवाज बंद करून. आवाजाच्या पट्टीवर लाल दिवे चढले की हेडफोन असतानाही दिसतं. सासूबाई थोड्या रुसल्या, त्यांना बाळ बघायचं होतं. मी म्हटलं, बाळ खाली आणल्यावर बघा की मांडीवर घेऊन.

दोन ऐकायचे डबे दिले की एक नवा घोळ सुरू होतो, तोही आधीच सांगून ठेवते. आवाज दोघांना जातो आणि दोघंही समजतात की दुसरा उठला असेल. रात्री नवरा-बायकोत हे होतं, दिवसा जावाजावांत. यंत्र यात काही करू शकत नाही. कुणाची पाळी कधी, हे घरात एकदा बोलून घ्यावं लागतं.

मुलं खरोखरच दोन खोल्यांत असतील, म्हणजे दीड वर्षाचं एक आणि सहा महिन्यांचं एक, किंवा एकमेकांना उठवतात म्हणून वेगळी झोपवलेली जुळी, तर खोक्यावरचं ‘चार कॅमेरे जोडता येतात’ हे वाक्य नीट उकलून वाचावं. जोडता येतात हे खरं. पण पडद्यावर बऱ्याच मॉडेलांत एका वेळी एकच खोली दिसते, आणि महत्त्वाचं म्हणजे ऐकूही एकाच खोलीतलं येतं. फिरती पाहणी लावली तर पडदा काही सेकंद या खोलीत, काही सेकंद त्या खोलीत. दोनच खोल्या धरल्या तरी प्रत्येक खोली अर्धा वेळ मुकी. काही मॉडेलं पडदा दुभागून दोन्ही चित्रं दाखवतात, पण आवाज तरीही एकाचाच सोडतात. ज्या खोलीत आवाज होईल तिकडे आपोआप वळणारी मॉडेलंही आहेत. ती बरी, पण धाकट्याच्या खोलीत पंखा कुरकुरत असेल तर यंत्र तिथेच अडकून बसतं आणि थोरला बिचारा रडत राहतो. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा: दोन्ही खोल्यांचा आवाज एकाच वेळी येतो का? विक्रेत्याला बहुधा माहीत नसतं. खोकं उघडायला लावावं, दोन कॅमेरे चालू करावेत, आणि ज्याचं चित्र दिसत नाही त्याच्यासमोर टाळी वाजवून बघावी.

माझा स्वतःचा कल, गिऱ्हाइकाला तो कंजूषपणा वाटला तरी, आवाजाच्या दोन साध्या जोड्या घेण्याकडे आहे. डिजिटल जोड्या आपापल्या ओळखीनं बांधलेल्या असतात, एकीचा आवाज दुसरीत जात नाही. दोन्ही डबे स्वयंपाकघरात शेजारीशेजारी ठेवायचे. दोन्ही सतत ऐकत असतात, कुणाला पाळी घ्यावी लागत नाही. एकावर लाल टिकली चिकटवायची, दुसऱ्यावर हिरवी, म्हणजे झोपेतही कुठल्या खोलीकडे धावायचं ते कळतं. दिसायला बेंगरूळ आहे. सकाळी पर्समधली टिकल्यांची पाकिटं बघून नवरा विचारतो, आज लग्न का मॉनिटर?

मग येतो वायफायचा कॅमेरा. दोन-तीन हजारांत मिळतो, मान वळवतो, अंधारात बघतो, फोनवर दिसतो. हवे तेवढे घ्या, खोलीखोलीत लावा. तांत्रिक बाजूनं माझा त्याच्यावर राग नाही, माझं पोटच त्याच्यावर आहे. पण बाळासाठी लावताना दोन गोष्टी विचारते. पहिली, वीज गेली की राउटर कशावर चालतो? कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, अशी जोडणी मी कितीतरी घरांत बघते. शिवाय पुष्कळ कॅमेऱ्यांचं चित्र आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायला कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला वळसा घालून येतं. खोदकामात रस्त्यावरची केबल तुटली की दहा पावलांवरचं बाळ दिसेनासं होतं. बॅटरीवर चालणारा रेडिओचा डबा अशा वेळी निमूटपणे काम करत असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोन हा घराचा कान होऊ शकत नाही, कारण फोन एका माणसाचा असतो. आई भाजी आणायला जाते तेव्हा फोन तिच्याबरोबर जातो. ती मंडईत उभी राहून बाळ उठलेलं बघते आणि घरी सासूला फोन करते, की आई, बघा जरा. घरात असलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतली बातमी मंडईतून कळते! आजींकडे बटणांचा फोन असतो, मावशींच्या फोनमध्ये ॲप टाकायला कुणी तयार नसतं. रात्री फोन सायलेंट केलेला असतो, किंवा बॅटरी वाचवण्यासाठी फोनच ॲपला झोपवून टाकतो. फोनच वापरायचा असेल, तर घरातला एखादा जुना फोन किंवा टॅबलेट चार्जरला लावून ओट्याच्या वर कायमचा अडकवा, तो कुणाचाच नाही असा ठेवा, असं मी सुचवते. मग तो घराचा होतो.

अमेरिकेतून आलेली यंत्रं हे आमच्याकडचं आणखी एक प्रकरण. डोहाळजेवणाला येणारी आत्या सामानातून मॉनिटर आणते, महागातला, तीन खोल्यांचा संच. आधी मी अडॅप्टर बघते. नुसतं 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 मध्ये तो घालू नका. मग लहरींचा पट्टा बघते. तिकडचे बिनतारी फोन आणि आवाजाचे बरेच मॉनिटर 1920 ते 1930 मेगाहर्ट्झमध्ये बोलतात, युरोपातले 1880 ते 1900 मध्ये. आपल्याकडे 1920 पासून वरचा पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. फोनकडून टॉवरकडे जाणारे संदेश त्यातून जातात. म्हणजे बाळाचं रडणं टॉवरच्या कानात खरखर करणार. तिकडच्या जुन्या 900 मेगाहर्ट्झवाल्यांचीही तीच कथा. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र इथेही विनापरवाना खुला आहे, तो संच असेल तर चालतो. हे आत्याला सांगायचं काम नेहमी माझ्यावर टाकतात.

ही कल्पनाच मुळी अमेरिकेतली. 1937 मध्ये झेनिथ कंपनीनं ‘रेडिओ नर्स’ नावाचं यंत्र काढलं; इसामु नोगुची या शिल्पकारानं त्याची बेकेलाइटची पेटी घडवली, मुखवट्यासारखी, आणि ती आता संग्रहालयांत ठेवतात. बाळाकडच्या डब्याचं नाव होतं ‘गार्डियन इअर’. या सगळ्यामागे 1932 मधल्या लिंडबर्ग यांच्या मुलाच्या अपहरणाची दहशत होती. वीस महिन्यांचं पोर वरच्या मजल्यावरून उचलून नेलं तेव्हा आईवडील दोघंही घरात होते, दाई घरात होती. माणसांची वाण नव्हती.

पुण्यातल्या घरात मॉनिटरला जे ऐकावं लागतं त्याची कल्पना तो बनवणाऱ्यांना नसावी. रात्री आपल्याकडे बाळ आईच्या खोलीतच असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही निदान पहिले सहा महिने बाळाला आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर झोपवायला सांगते. यातला पहिला अर्धा भाग आपल्याला सांगावा लागत नाही आणि दुसरा सांगितला तर पटत नाही. त्यामुळे इथे मॉनिटरची खरी ड्यूटी दिवसाची. दिवसा काय असतं? पूर्ण वेगानं फिरणारा पंखा, कुकर, टीव्हीवरचं प्रवचन, भंगारवाला, आणि गणपतीत तर बोलायलाच नको. आवाज झाल्यावरच जागं होणारं यंत्र पंख्याच्या घरघरीनं सतत जागं राहतं, नाहीतर संवेदनशीलता कमी केली की बाळाच्या कुरकुरीलाही उठत नाही. पंखा रोजच्या वेगावर ठेवून, खिडकी रोजच्यासारखी उघडी ठेवून, त्या आवाजाच्या जरासं वर काटा लावायचा, यात माझा बराच वेळ जातो. शांत खोलीत लावलेला काटा दुसऱ्या दिवशी निकामी ठरतो.

मच्छरदाणी हे तसंच. रात्री अंधारात बघणारे कॅमेरे आपल्याच इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतात. कॅमेरा जाळीच्या बाहेर असला की तो उजेड जाळीच्या धाग्यांवरून परततो आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. गिऱ्हाइकांचा फोन येतो, कॅमेरा बिघडला. कॅमेऱ्याचे दिवे बंद करून जाळीपलीकडे कोपऱ्यात अगदी मंद दिवा लावला की बाळ दिसू लागतं. आवाजाच्या डब्याला मच्छरदाणीचं सोयरसुतक नसतं, हे मी जाता जाता सुनावतेच.

चिंचवडचं एक घर माझ्या विशेष लक्षात आहे. आई आणि वडील दोघंही कर्णबधिर, बाळाला उत्तम ऐकू येत होतं. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर लिहून बोलावलं. रेंज, कॅमेरे, झूम, यातलं काही विचारलं नाही. बाईंचा पहिला प्रश्न होता: थरथर किती जोराची आहे, आणि कापसाच्या गादीखाली ठेवल्यावर ती लागते का? इतका अचूक प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती असलेलं यंत्र मागवलं. ऐकू येणाऱ्या घरात खोटा इशारा म्हणजे क्षणभराची कटकट. आपण कानानं ठरवतो, पंखाच आहे, झोप. इथे प्रत्येक थरथरीला उठून बघण्याशिवाय इलाज नव्हता. त्यामुळे काटा जुळवायला मी पुन्हा पुन्हा गेले. वडील बाळाच्या खोलीत वस्तू पाडायचे, दार ढकलायचे, खोकल्याची नक्कल करायचे. बाई उशीवर डोकं ठेवून डोळे मिटून बोट वर करायच्या. दिवसा त्या डबा कमरेला लावून कामं करत. स्वयंपाकघर बाळाच्या खोलीला लागून होतं आणि काहीही केलं तरी कुकरच्या शिट्टीला डबा थरथरायचा. मी तेवढं काढून टाकायला म्हणून बाळाकडचा डबा लांबच्या भिंतीला न्यायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला आणि फोनवर लिहिलं: राहू द्या, शिट्ट्या पहिल्यांदाच मोजता येतायत.

कॅमेऱ्यांबद्दल मी एवढी हात राखून का बोलते, तेही सांगते. बाळाच्या खोलीतला कॅमेरा बाळापुरतं बघत नाही. त्या खोलीत आई दूध पाजते, पदर सावरत नाही, रडते. तीच खोली सासऱ्यांच्या, दिरांच्या, परगावच्या मामांच्या फोनवर उघडते, कारण कौतुकानं एकच पासवर्ड सगळ्यांना वाटलेला असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कच्चे होते, आणि पकडलेल्यांत आपल्या लातूरचे, सांगलीचे तरुणही निघाले. त्या बातमीनंतर काही दिवस आमच्या गाळ्यात फोन वाजत होता. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षेच्या दृष्टीनं तपासणी एप्रिल 2025 पासून सक्तीची झाली आहे, ते चांगलंच आहे. पण पासवर्डच्या जागी बाळाचं नाव आणि जन्मवर्ष टाकणाऱ्यांना कुठली तपासणी वाचवणार? मी पासवर्ड आईला टाकायला सांगते आणि त्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. बाकीच्यांना बघायचंच असेल तर प्रत्येकाला वेगळा प्रवेश, काढून घेता येईल असा.

आणि मावशी. एका घरात मी स्टुलावर उभी राहून कॅमेरा बसवत असताना बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनी खालून विचारलं, ‘ताई, ह्यो बाळाला बघायला का मला?’ घरातली मंडळी पलीकडच्या खोलीत होती. मी खाली उतरले आणि त्यांना फोनवर कॅमेऱ्याला काय काय दिसतं ते दाखवलं, कुठल्या कोपऱ्यातलं दिसत नाही तेही दाखवलं. मालकीणबाईंना ते रुचलं नाही. पण सांभाळणाऱ्या बाईला न सांगता, घड्याळात नाहीतर खेळण्यात दडवून मी कॅमेरा लावत नाही. तशी मागणी आली की दुसरा माणूस शोधा म्हणते. दिवसभर ज्या बाईच्या हातात बाळ देता, तिच्याशी एवढं एक वाक्य बोलता येत नसेल तर अडचण कॅमेऱ्यानं सुटणारी नाही.

काही गोष्टींवर मी चर्चाच करत नाही. वायर पाळण्यापासून निदान तीन फूट लांब. पाळण्याच्या आडव्या दांडीला, चिमण्यांच्या झुंबराशेजारी बाळाकडचा डबा बांधून त्याची वायर दोरीला गुंडाळलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. आधी ती सोडवते, मग पाणी घेते. अमेरिकेत 2011 मध्ये सुमारे 17 लाख व्हिडिओ मॉनिटर याच कारणानं परत बोलावले होते, दोन तान्ह्या मुलांच्या गळ्याभोवती वायर आवळून मृत्यू झाल्यावर. आणि पायात घालायचा, श्वास-ठोके मोजणारा मोजा विकत नाही. आउलेट कंपनीच्या अशा मोज्यावर तिथल्या एफडीएनं 2021 मध्ये हरकत घेतली होती, 2023 च्या शेवटी सुधारित रूपाला परवानगी दिली, हे खरं आहे. पण घरच्या निरोगी बाळासाठी त्याचा आकडा बघत रात्र काढणारी आई मला बघवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर डॉक्टर सांगतील ते घ्या.

बाळं दोन-अडीच वर्षांची झाली की ही यंत्रं कपाटावर जातात, तिथून पुष्कळदा माझ्याकडे परत येतात. बॅटरी फुगलेली असते, ती बदलून द्या म्हणतात. हल्ली त्या पाठोपाठ येणारी विनंती ठरलेली आहे: हेच आता आजोबांच्या खोलीत लावून द्या, ते रात्री पडले तर कळायला हवं. परवा अशाच एका घरी गेले. नातू चौथीत गेलेला, आजोबा ऐंशीच्या पुढचे, वरच्या खोलीत एकटे झोपणारे. मी डबा हातात घेऊन त्यांच्या कॉटशेजारी सॉकेट शोधत होते. त्यांनी चष्मा पुसून डबा निरखला, नातवाच्या वेळचा ओळखला आणि म्हणाले, ‘हा मला नको. मी रात्री तुमच्या काकूंशी बोलतो. त्या गेल्याला सहा वर्षं झाली, पण बोलतो. ते खाली कशाला ऐकायला हवं?’

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. मी बॅगेतून बिनतारी बेल काढली, तिचं बटण दोरीला बांधून त्यांच्या गळ्यात घातलं. दुसरं एक संडासात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं चिकटवलं. बेलचे दोन डबे, एक खाली मुलाच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. पडल्यावर बटण दाबायचं भान राहिलं नाही तर, असं सुनेनं विचारलं. तिचं बरोबर होतं. म्हणून रात्री दोनला आणि पहाटे पाचला कुणीतरी वर जाऊन दार ढकलून बघायचं, असं त्या तिघांनी माझ्यासमोरच ठरवलं. आजोबांना ते चालणार होतं. आठवड्यानं सुनेचा फोन आला. बेल उत्तम चालते, म्हणाली, पण तिचा सगळा उपयोग चहा मागवायलाच होतोय, आवाज कमी करता येतो का?